दमण्याची संमती

थकवा मोजणारं यंत्र मिरजेत आलं, हे सारंगने जेवता जेवता सांगितलं तेव्हा केतकी सासऱ्यांना मऊभात भरवत होती.

"त्यात मोजायचं ते काय?" ती म्हणाली. "मला विचारलं असतं तर मी बसल्या जागी सांगितलं असतं."

सारंग हसला. अनू हसली. आबांनी तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस." म्हणजे भात पुरे, आता चहा.

आबांचं हे असं होतं. सांगलीच्या हळद बाजारात त्यांनी हयातभर तोलाई केली होती. पोती काट्यावर चढायची आणि हिशेब आबांच्या जिभेवर. मग एका सकाळी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि शब्द गेले. मुलाचं नाव गेलं, 'पाणी' गेलं, 'दुखतंय' गेलं. पाढे तेवढे राहिले. घराने मग त्यातूनच भाषा बसवली. बे म्हणजे पाणी, तेरा म्हणजे चहा, आणि एकोणतीसचा पाढा सुरू झाला की हातातलं टाकून धावायचं. सारंग म्हणायचा, आपल्या घरात ज्याचं गणित कच्चं, त्याला चादरी धुवाव्या लागतात. बहुतेक वेळा त्या केतकीच धुवायची.

अनू, म्हणजे सारंग-केतकीची लेक अन्विता, तेव्हा शाळेत होती. तिने डॉक्टरांना विचारलं होतं, "पाढे आत शाबूत आहेत, मग पाणी कुठे गेलं?" डॉक्टर म्हणाले होते, पाठांतराचा रस्ता वेगळा असतो आणि मनातलं बोलण्याचा वेगळा, तो दुसरा तुटला. पोरीने ते धरूनच ठेवलं. म्हणजे 'पाणी' आत निघत असणार, वाटेत पडत असणार. ते निघतानाच पकडणारं काहीतरी करायचं. त्यासाठी मेंदू कळायला हवा, मेंदूतल्या बारीक हालचाली मोजायचं भौतिकशास्त्र यायला हवं आणि मोजलेल्याचा अर्थ लावणारं एआय घडवता यायला हवं. तिन्ही एकत्र शिकवणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुण्यात होता. मुलं त्याला त्रिवेणी म्हणत. बारावीचं वर्ष सरत आलं तरी अनूच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं.

आता भौतिकशास्त्र आणि अनू यांचा छत्तीसचा आकडा. त्यातली गणितं सोडवायला बसली की तासाभरात तिच्या कानशिलाच्या शिरा उडायला लागत. ओढणी कपाळाला घट्ट बांधून ती पुन्हा बसायची. गुण मिळायचे, नाही असं नाही, पण पोरगी पिळून निघायची. केतकी दारातून बघायची आणि तिला ते बघवायचं नाही.

कारण केतकीचा एक नेम होता. अनू जन्मली तेव्हापासूनचा. सकाळी आंघोळ झाली की देवापुढे बसून दत्तनामाची एक माळ. दर गुरुवारी उपास. आणि माळ हातात घेण्याआधी रोज एकच मागणं, पुटपुटत: माझ्यासारखी दमू देऊ नकोस हिला.

अनूही तो नेम करायची. कुणी लावला नव्हता. तान्ही होती तेव्हा आईच्या मांडीवर निजून ती माळ ऐकायची. पुढे स्वतःच म्हणायला लागली. माळ दुपारच्या जेवणाआधी व्हायला हवी, हा तिचा तिनेच घालून घेतलेला नियम. इमारतीतल्या बायका म्हणायच्या, भक्ती असावी तर केतकीताईंसारखी, बघा, लेकीतही उतरलीय. केतकी काही न बोलता हसायची.

तर ते यंत्र.

मेंदू म्हणजे विजेचा कारभार. आणि वीज वाहिली की तिथे चुंबकत्व येतंच. मेंदूचं हे चुंबकत्व इतकं अशक्त की ते मोजायचं म्हणजे भर जत्रेत मुंगीच्या पावलांचा आवाज ऐकायचा. त्यासाठी आधी जत्रा बाहेर ठेवावी लागते. म्हणून यंत्राची खोली खास धातूच्या पत्र्यांनी मढवलेली. आत एक हलकं हेल्मेट. त्यात काचेच्या इवल्या कुप्या, कुप्यांत रुबिडियम नावाच्या धातूची वाफ, आणि त्या वाफेतून जाणारा लेसरचा किरण. किरणामुळे सगळे अणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात, आरतीला माणसं उभी राहतात तसे. मेंदूतून एवढीशी झुळूक आली की ते किंचित वळतात, पलीकडे पोचणारा प्रकाश किंचित बदलतो, आणि तो बदल टिपला जातो.

टिपायचं काय, तर कपाळामागच्या भागाचं दमणं. मन ओढून-ताणून एखाद्या कामावर धरलं की तिथे रासायनिक गाळ साचत जातो, पेशींची लय मंदावते. काम आपल्या जातीचं असेल, मन आपणहून तिथे टेकत असेल, तर गाळ फारसा साचत नाही. एका बैठकीतल्या या चढउतारावरून पुढच्या पाच वर्षांचं भाकीत करायचं काम एआयचं. त्याच्याकडे लाखो मुलांचे आलेख होते आणि त्या मुलांचं पुढे काय झालं, कोण टिकलं, कोण आजारी पडलं, कोण निम्म्यात घरी आलं, हेही होतं. उत्तर बरोबर आलं की चूक, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. उत्तर शोधताना जीव किती शिणला, एवढंच ते बघायचं. आणि शेवटी एक नकाशा द्यायचं: प्रत्येक विषयाची एक रेषा. निळी आडवी राहिली तर तो विषय तुमचा. लाल होऊन चढली तर नाही.

हे थोतांड नव्हतं. नकाशा आल्यापासून कॉलेज सोडणारी मुलं कमी झाली होती, औषधं घेणारी कमी झाली होती. त्रिवेणीसारख्या अवघड अभ्यासक्रमांनी मग पहिल्या फेरीत फक्त निळ्या रेषेची मुलं घ्यायला सुरुवात केली. यात वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही. केतकीला तर मुळीच नाही. मुलं दमू नयेत म्हणून एवढं मोठं यंत्र कुणीतरी केलं, हे ऐकून तिला करणाऱ्याला नमस्कार करावासा वाटला होता.

अनूचा नकाशा आला तेव्हा त्रिवेणीची रेषा निळी होती. नुसती निळी नव्हे, तळ्याच्या पाण्यासारखी आडवी, एक तरंग नाही.

सारंगने इमारतीत पेढे वाटले. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्या दिवशी गिऱ्हाइकाला नंबर सांगायच्या आधी तो लेकीचा नकाशा सांगत होता. आबांना पेढा भरवला तर त्यांनी खुशीत पावकीच, म्हणजे पाव-पावचा पाढाच, सुरू केली, जिला घराच्या भाषेत काहीच अर्थ नव्हता. केतकी देवापुढे गेली. डोकं टेकवलं आणि तिथेच बसून राहिली. इतक्या वर्षांचं मागणं असं उघड, रंगीत रेषेत उत्तर देऊन परत येईल असं तिला वाटलं नव्हतं. गुडघे दुखत होते तरी उठवेना.

अनू पेढा हातात धरून दारात उभी होती. खात नव्हती.

"आई, ते खरं नाहीये."

"काय खरं नाहीये?"

"रेषा."

मग तिने सांगितलं. चाचणीच्या दिवशी पहाटेच आबांचा एकोणतीसचा पाढा ऐकायला कुणी जागं नव्हतं. मग चादरी, गादी, आंघोळ, सगळी धावपळ. अनू आईच्या हाताखाली राबली आणि माळ राहिली. केंद्रात एकेका विषयाचा भाग चालू होता. भौतिकशास्त्राला डोकं नेहमीसारखं ठणकलं. त्रिवेणीचा भाग शेवटचा, तोवर दुपार व्हायला आली होती. त्या भागात उत्तरं द्यायची नव्हती. एक लांबलचक व्याख्यान ऐकून मनातल्या मनात विचार करायचा होता.

"पहिली दोन वाक्यं ऐकली, कळलं नाही. आणि मला आठवलं, जेवायची वेळ होईल, माळ राहिलीय. मग मी तिथेच केली. मनात. यंत्राने ती मोजली, आई. व्याख्यान नाही मोजलं."

केतकीने पदराने तोंड पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग राहू दे," केतकी म्हणाली, आणि आपल्याच तोंडून हे निघालं याचं तिला नवल वाटलं. पण ती फार दमली होती. एक गोष्ट तरी मार्गी लागली होती, तिला आता कुणी हात लावू नये, एवढंच तिला हवं होतं.

सारंगला सांगितलं तेव्हा त्याने पेढ्याचा रिकामा बॉक्स मिटला. "यात खोटं काय आहे? नेम करताना रेषा निळी आली. म्हणजे देवाने कौल दिला. आपण उजवा कौल मिळाल्यावर गुरवाला म्हणतो का, की थांब रे, फूल वाऱ्याने पडलं असेल?"

"बाबा, फूल वाऱ्यानेच पडलंय."

"मग वारा कुणी सोडला?"

"आणि माझ्या जागी ज्याची खरी निळी रेषा आहे तो बसायचा, त्याला काय सांगायचं? वारा सुटला होता?"

अनूने आईकडे बघितलं. "तूच म्हणतेस ना, चुकला तर चालेल, पण नेम खोटा करू नये."

केतकी म्हणत असे खरी. आपलीच शिकवण अशी दारात येऊन उभी राहिली की तिला आत घ्यावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी केंद्रात गेल्या. आबांपाशी सारंग बसला. दुकान उशिरा उघडलं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. नसीम बागवान मिरजेच्याच. पन्नाशीची बाई, डोळ्यांखाली काळं, टेबलावर डबा उघडा आणि भाकरी अर्धी राहिलेली. अनूचं सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत.

"मन भरकटलं तर यंत्राला कळतं," त्या म्हणाल्या. "विस्कटलेलं दिसतं. सिनेमाची गाणी म्हणणारी पोरं आम्ही रोज पकडतो. तुझं एकवटलेलं होतं, म्हणून त्याला वाटलं, व्याख्यानात रंगलीय." मग जरा थांबून, "आमच्या अम्मीची तस्बीह, म्हणजे तुमची माळच, अशीच चालायची. वरून भाजी निवडतेय, आत तस्बीह. कुणाला पत्ता नाही."

"मग आता?" केतकीने विचारलं.

"तो भाग रद्द करून पुन्हा घ्यायचा. पण त्याआधी मला दाखवावं लागेल की ती रेषा जपाचीच होती. बाळ, बस. तुझी माळ कर नुसती."

अनू बसली. हेल्मेट चढलं, जाड दार लागलं. बाहेरच्या पडद्यावर रेषा उमटली: निळी, आडवी, पहिल्यासारखीच. डॉ. बागवान पडद्याजवळ सरकल्या.

"ताई, गंमत बघा. ही जप म्हणत नाहीये."

"मग?"

"ऐकतेय. म्हणताना जिभेची जागा आधी हलते, मनात म्हटलं तरी. हिची शांत आहे. कानाची जागा पेटलीय. कुणाचा तरी आवाज आतल्या आत ऐकतेय. कुणाचा, ते यंत्र नाही सांगत."

यंत्राने सांगायची गरजही नव्हती. केतकीने पदराचं टोक मुठीत धरलं.

अनू बाहेर आली, आणि आपल्याला जे सिद्ध करायचं होतं ते झालं या समाधानात म्हणाली, "मॅडम, आईला बसवा एकदा. तिची माझ्या जन्मापासूनची माळ आहे. आई बसली तर रेषा खालच्या खाली जाईल."

"बसता का?" डॉ. बागवानांनी विचारलं. "इतका जुना नेम आमच्याकडे कुणाचाच नोंदलेला नाही. बघू तरी."

केतकीला नाही म्हणता आलं असतं. पण लेकीच्या तोंडावर एवढा अभिमान होता की तिने मंगळसूत्र, त्यात अडकवलेली सेफ्टी पिन, बांगड्या सगळं काढून ताटलीत ठेवलं आणि ती आत गेली.

खोली फार शांत होती. इतक्या शांत जागी आपण शेवटचं कधी बसलो, हे तिला आठवेना. तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात मागणं म्हटलं, मग माळ सुरू केली. रोजच्यासारखीच झाली. म्हणजे चार नामं मन लावून, मग डाळ भिजवायची राहिली, मग मन ओढून पुन्हा नाम, मग आबांची गोळी, पुन्हा नाम, मग डोळ्यांवर पेंग, नखाने बोटाला चिमटा, पुन्हा नाम.

बाहेर आली तेव्हा दोघी पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर तिची रेषा होती. लाल. सुरुवातीपासूनच चढत गेलेली, मध्ये कुठे टेकलेली नाही, पायऱ्यांवरून डोक्यावर ओझं न्यावं तशी.

"यंत्र बिघडलं का?" अनूने विचारलं.

डॉ. बागवान जोडण्या तपासायला वळल्या, तेव्हा केतकी म्हणाली, "नाही गं. बरोबर दाखवतंय."

केंद्राबाहेर नारळपाण्याची गाडी होती. दोघी बाकड्यावर बसल्या. दर्ग्याच्या बाजूने रिक्षा येत-जात होत्या. अनू शहाळ्यातली नळी नुसतीच फिरवत होती.

"रोज असं होतं?"

"बहुतेक रोज."

"पहिल्यापासून?"

"तू तान्ही असताना कधी कधी बरं वाटायचं. तू झोपायचीस म्हणून."

"म्हणजे तुला आवडत नाही?"

"आवडत नाही असं नाही." केतकीने शब्द शोधला, सापडला नाही. "कंटाळा येतो अनू. फार कंटाळा येतो. डोळे मिटतात. देवासमोर जांभई देऊ नये म्हणून ओठ दाबून धरते, तर डोळ्यांतून पाणी येतं, आणि बायकांना वाटतं केवढी तल्लीन."

अनूला हसू आलं आणि त्याच वेळी तिचा चेहरा विस्कटला. "मग करतेस कशाला?"

"आबांचं अंग पुसते ते काय आवडतं म्हणून?"

"ते वेगळं."

"असेल वेगळं. मला नाही त्यातला फरक सांगता येत. सकाळ झाली की बसावंसं वाटतं. बसलं की उठावंसं वाटतं. तरी दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटतंच." तिने शहाळं रिकामं करून बाकड्याखाली ठेवलं. "मला वाटायचं, माझंच काहीतरी कमी पडतंय. बाकीच्यांना गोडी लागते, मला लागत नाही. म्हणून कुणाला बोलले नाही."

अनूने नळी फिरवायचं थांबवलं. मग म्हणाली, "मी तुझाच आवाज ऐकते, आई. माळेला. मी नाही म्हणत, तू म्हणतेस."

"कळलं मला. त्या बोलल्या."

"तू एवढं दमून म्हणत होतीस, आणि मी त्यावर झोपत होते."

"मग त्यासाठीच तर म्हणत होते," केतकी म्हणाली. तिने अनूच्या हातातलं शहाळं घेतलं, नळी सरळ केली आणि परत दिलं. "पी आता. गरम होईल."

चाचणी पुन्हा झाली. या वेळी अनू माळ घरी करून गेली आणि व्याख्यान शब्दन् शब्द ऐकलं. त्रिवेणीची रेषा लाल आली. भाकीत होतं: दुसऱ्या वर्षात घसरण, तिसऱ्या वर्षी सोडून देण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. विमा व्यवस्थापनाची रेषा तेवढी निळी होती.

"विम्यात काय वाईट आहे?" सारंग म्हणाला. "लोक मरायचे थांबणार आहेत का? कायमचा धंदा."

अनू हसली नाही. आबांच्या खाटेजवळ जाऊन बसली. आबा छताकडे बघत होते. एकदम तिच्याकडे वळून त्यांनी ओठ हलवले, घशातून आवाज आला, चेहरा ताणला गेला. काहीतरी निघालं होतं आतून. वाटेत पडलं. मग हताश होऊन ते म्हणाले, "बे एके बे." अनूने पाणी दिलं. त्यांनी पेला बाजूला सारला. पाणी नको होतं. काय हवं होतं ते कुणालाच कळलं नाही.

पहिली फेरी अनूला बंद झाली. पण त्रिवेणीच्या थोड्या जागा शेवटच्या फेरीत नकाशाविरुद्ध येणाऱ्यांसाठी राखलेल्या असत. कायद्याने यंत्र सल्ला देत होतं, हुकूम नाही, म्हणून ठेवलेली ही फट. तिथून जायचं तर गुण लागायचे, ते अनूचे होते. दर सहा महिन्यांनी हेल्मेट घालावं लागायचं. आणि मूल अठराच्या आतलं असेल तर आईवडिलांपैकी एकाने कॅमेऱ्यासमोर तोंडी संमती द्यायची.

सारंग म्हणाला, "मी नाही देणार. मी तिचा बाप आहे. दिवसभर लोकांना म्हणतो, चष्मा लावा, डोळ्यांवर ताण नको. आणि पोरीला म्हणू, जा, ताण?" त्याने दुकानाच्या किल्ल्या उचलल्या. "तुला द्यायची तर तू दे. मी अडवणार नाही. पण मला विचारू नकोस."

म्हणून केतकी पुन्हा केंद्रात आली. कॅमेरा लागायच्या आधी डॉ. बागवानांनी तिला आपल्या खोलीत बसवलं.

"ताई, मी गोड बोलणार नाही. नकाशा बहुतेक वेळा खरा ठरतो. माझा धाकटा भाऊ असाच गेला होता एका कॉलेजात, अब्बांच्या हट्टाने. परत आला तो बोलेनासाच झाला. तेव्हा हे यंत्र असतं तर मी अब्बांपुढे तो कागद आपटला असता. म्हणून मी इथे बसते."

"आता कसा आहे?"

"आहे. नर्सरी आहे त्याची, झाडांची. बरा आहे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "पण त्याला ते नको होतं. तुमच्या पोरीला हवंय. यंत्राला हा फरक दिसत नाही. दमणं दिसतं, कशासाठी दमतंय ते दिसत नाही. त्या दिवशी तुमची रेषा बघितल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही."

केतकीला त्या रेषेबद्दल कुणी बोललेलं नको होतं.

कॅमेऱ्याची खोली लहान होती. समोर भिंत, भिंतीवर लाल ठिपका. एक तरुण कर्मचारी प्रश्न वाचून दाखवत होता. नाव, नातं. मग तो एका सुरात म्हणाला, "आपल्या पाल्याने निवडलेला अभ्यासक्रम त्याला किंवा तिला दमवणारा आहे, हे नकाशावरून समजलेलं असूनही आपण प्रवेशास संमती देत आहात का?"

सतरा वर्षं रोज सकाळी केतकीने देवाकडे जे मागितलं होतं, ते हा मुलगा तिला तिच्याच तोंडाने परत करायला सांगत होता. दमू देऊ नकोस हिला. तिच्या डोळ्यांपुढे कपाळाला ओढणी बांधून बसलेली अनू आली. पुण्यात कुणी दारातून बघणारंही नसेल.

"दमली की कुणी बघेल का तिथे?" तिने विचारलं.

"फक्त हो किंवा नाही सांगा, मॅडम. रेकॉर्डिंग सुरू आहे."

काचेपलीकडे अनू उभी होती. हात जोडलेले नव्हते, विनवणी नव्हती. ती नुसती बघत होती, तान्ही असताना मांडीवरून वर बघायची तशी, आता पुढचं नाम कधी येतंय याची वाट बघत.

"हो," केतकी म्हणाली.

"कृपया पूर्ण वाक्यात सांगा."

केतकीने डोळे मिटले. "ती दमणार आहे, हे मला माहीत आहे. माझी संमती आहे."

परतताना रिक्षात अनू आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. गांधी चौकाच्या सिग्नलला जाग आली, म्हणाली, "थँक यू म्हणायचं राहिलं," आणि पुन्हा झोपली.

पुण्याला जायच्या आदल्या सकाळी केतकी नेहमीसारखी देवापुढे बसली. बाहेरच्या खोलीत अनू टेबलाशी होती. वर्ग सुरू व्हायचे होते तरी तिने पहिल्या सत्राची गणितं काढायला घेतली होती. ओढणी कपाळाला होती. सारंग तिच्या बॅगेत स्वतःच्या दुकानातला चष्मा पुसायचं कापड घालत होता, ज्याचा तिला काहीच उपयोग नव्हता, कारण तिला चष्मा नव्हता.

माळ हातात घेण्याआधी केतकीचे ओठ सवयीने हलले. माझ्यासारखी. तिथेच थांबले. पुढचं मागता येईना. कॅमेऱ्यासमोर शब्द दिला होता. दुसरं काहीतरी मागायला हवं होतं. तिने बराच विचार केला. शक्ती दे म्हणावं, तर ते मोठ्या माणसांचं मागणं वाटलं. यश दे म्हणावं, तर लाज वाटली. काही सुचेना तेव्हा तिने न मागताच पहिला मणी ओढला.

आबांनी आतून हाक दिली. "बे एके बे, बे दुणे चार."

केतकीचा हात थांबला. उठायला ती वळली, तोवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अनूची पावलं, माठाचं झाकण, पेला. "आलं, आबा, आलं पाणी." आणि मग तीच पावलं परत टेबलाकडे, आणि एक लांब सुस्कारा, आणि पुन्हा पेनाची कुरकुर.

केतकी सावरून बसली. चार नामं झाली असतील नसतील, जांभई आली. चांगली मोठी, कानापर्यंत जबडा ताणणारी. तिने ओठ दाबले नाहीत. देवासमोर तोंड उघडून तिने ती पुरी दिली, डोळ्यांत आलेलं पाणी पदराने टिपलं, आणि जिथे राहिली होती तिथून माळ पुढे ओढायला घेतली.